हवेत लटकलेला चेंडू

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माणसं दोन कारणांनी रडवेली होऊन येतात. एक तर फोटो उडाले म्हणून, नाहीतर गेम अडकतोय म्हणून. फोटोवाल्यांना मी पाणी देते. गेमवाल्यांना आधी हसते, मग पाणी देते.

कर्जतच्या बाजारपेठेत मी इतकी वर्षं हे दुकान चालवलं, की पूर्वी मला ताई म्हणणारे आता आपल्या पोरांना "आजींच्या पाया पड" म्हणून पुढे ढकलतात. हल्ली दुकान सून बघते. मी शेजारच्या खुर्चीत बसून सल्ले देते, कुणी मागितले नाहीत तरी. या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा सून म्हणाली, "आई, जरा प्रेरणादायी लिहा हं." मी म्हटलं, आमच्या धंद्यात प्रेरणा नसते बाई, धूळ असते. तेव्हा जे होतं ते लिहिते.

सुरुवातीची मी तुम्ही पाहायला हवी होतीत. कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात साखळीला लटकणारा चष्मा, आणि चेहरा असा की कॉम्प्युटरचा शोध याच बाईंनी लावलाय. त्याआधी माझा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर गेले, त्यांच्या जागी हे डबे आले, पण ऐट टाइपरायटरचीच राहिली. डब्यांच्या खोलीत चपला घालून यायची बंदी. मॉनिटरला भरतकामाचं झाकण. दसऱ्याला मशीनची पूजा, तीही इतकी मनोभावे की एका वर्षी झेंडूच्या पाकळ्या फ्लॉपीच्या फटीत गेल्या आणि भुवयांच्या चिमट्याने एकेक उपसावी लागली. चिमटा शेजारच्या ब्यूटी पार्लरचा. मी विद्यार्थ्यांना सांगितलं, "हे खास अवजार आहे."

गेम अडकतो म्हणून कुणी आलं की ही बाई चष्मा चढवायची, डब्याला कान लावायची आणि म्हणायची, "व्हायरस आहे." ज्या तापाचं कारण कळत नाही त्याला डॉक्टर व्हायरल म्हणतात, आम्ही शेवटचं एक अक्षर बदलत होतो, एवढंच.

खरं कारण मला पुस्तकातून नाही, चोरून खेळताना कळलं. दुपारी बाजार झोपला की मी शटर अर्धं ओढायचे आणि गाड्या पळवायचा एक खेळ लावायचे. घरच्यांची समजूत, मी हिशेब करते. एकदा घाटाच्या वळणावर माझी गाडी दर खेपेस अडकायची आणि सुटायची तेव्हा दरीत. चिडून मी सेटिंगमधली सगळी बटणं फिरवली. एका ठिकाणी मोठ्ठा आकडा होता, तो रागाने लहान केला. आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळणातून गेली! मी ओरडले, "अगं बाई, व्हायरस गेला!" त्या आकड्याचं नाव रिझॉल्यूशन.

हे प्रकरण काय आहे ते मी आमच्याकडच्या गिऱ्हाइकांना लावणीवरून सांगते, तसंच तुम्हालाही सांगते. भाताची लावणी हो, फेटे उडतात ती नव्हे. पडदा म्हणजे शेत. पडद्यावरचं चित्र बारीक बारीक ठिपक्यांचं असतं, एकेक ठिपका म्हणजे एकेक रोप. आडवे किती नि उभे किती ठिपके, यावर शेत केवढं ते ठरतं, आणि तेच रिझॉल्यूशन. घरच्या साध्या पडद्यावर वीस लाखांच्या वर रोपं असतात. ज्याला फोर-के म्हणतात त्यात त्याच्या चौपट. आणि लावणाऱ्या बायका? त्या म्हणजे डब्यातलं ग्राफिक्स कार्ड. सगळं शेत लावून झालं की एक चित्र तयार. खेळ सुरळीत हलताना दिसायचा तर बायकांनी हे अख्खं शेत एका सेकंदात साठेक वेळा लावायचं, उपटायचं, पुन्हा लावायचं. असा मालक आमच्या खाचरात असता तर बायकांनी त्यालाच चिखलात लावला असता.

आता शेत चौपट केलंत आणि बायका तेवढ्याच ठेवल्यात, तर काय होईल? पुढचं चित्र वेळेवर येत नाही. गाडी इथे दिसते, मग एकदम तिथे. यालाच पोरं 'अडकतं' म्हणतात. त्यावर उपाय दोनच. जास्त बायका आणा, म्हणजे भारीतलं कार्ड घ्या. नाहीतर शेत लहान करा.

शेत लहान करायला मात्र कुणी तयार नसतं. आकडा कमी केला की लोकांना वाटतं आपली किंमत कमी केली. शिवाय चित्र थोडं भरड होतं, हेही खरं. नेरळला एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. ते डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद छापून घ्यायला आले होते.

"मोतीबिंदू?" मी विचारलं.

"दोन्ही डोळ्यांत. पण नवल बघा, पेपर लख्ख दिसतो. समोरच्या डोंगरावरची झाडं दिसतात. फक्त कॉम्प्युटरवरची अक्षरं फुगल्यासारखी दिसतात."

"मास्तर, नातू आलाय का सुट्टीला?"

"आलाय. तुम्हाला कसं कळलं?"

नातवाने गेम पळावा म्हणून पडद्याचे ठिपके कमी केले होते आणि तसेच ठेवून दिले होते. आकडा परत वर नेला आणि मास्तरांचा मोतीबिंदू उतरला. ते पेढे घेऊन आले, नातू गाल चोळत आला.

आणि दर वेळी हा उपाय लागू पडतो असंही नाही. कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याच्या डब्यात मी ठिपके कमी करत करत चित्राची पार गोधडी केली, तरी गेम अडकतच होता. तिथे बायका भरपूर होत्या, पण त्यांना कामं वाटून देणारा मुकादमच पेंगत होता. म्हणजे प्रोसेसर मंद. अशा वेळी शेत कितीही लहान करा, बायका बांधावर बसून राहतात.

पण माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी केस ही नव्हे. ती झाली क्रिकेटच्या सामन्यात.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या शिवेवर दोन गावं आहेत. नावं सांगत नाही, दोन्हीकडे माझी गिऱ्हाइकं आहेत. अलीकडचं आणि पलीकडचं म्हणू. आमच्याकडे भात कापून झालं की बांध फोडून खाचरं एक करतात, आणि झालं मैदान. मग उन्हाळ्यापर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा. मांडव, चषक, माइकवर समालोचक, सगळा थाट. ही मोठी स्पर्धा कुणाच्या खाचरात भरवायची, यावरून दोन गावांत दरवर्षी डोकी फुटायची. मागच्या पावसाळ्यात शहाण्या माणसांनी तोडगा काढला. नाहीतरी खाचरात पाणी आहे, बाहेर खेळता येत नाही. तर कॉम्प्युटरवर क्रिकेट खेळा. जो जिंकेल त्याच्या गावात स्पर्धा.

पंच म्हणून मला बोलावलं. दोन्ही गावांची मशीनं आजवर मीच दुरुस्त करत आले, त्यामुळे दोन्हीकडे माझ्याबद्दल तक्रारी सारख्याच. निःपक्षपातीपणाला आणखी काय लागतं?

पलीकडच्या गावाकडून खेळणार होता रुपेश, खऱ्या मैदानावरचाही नावाजलेला फलंदाज. अलीकडच्या गावाचे अध्यक्ष हरिभाऊ, टेंपोवाले. त्यांच्याकडून खेळणार होती त्यांचीच मुलगी उज्ज्वला. कॉलेजात जाते, सगळे तिला उजू म्हणतात. गावातल्या समस्त पोरांना तिने घरच्या कॉम्प्युटरवर हरवलं होतं, म्हणून तिला पर्याय नव्हता. तिने मात्र बापाला आधीच अडवून ठेवलं होतं.

"जिंकले तर या वर्षी पोरींचीपण एक मॅच होणार. खऱ्या मैदानात, खऱ्या बॉलनं. कबूल?"

"अगं, लोकं काय म्हणतील?"

"मग खेळा तुमीच."

हरिभाऊंना माउस आणि उंदीर दोन्हींची भीती. ते कबूल झाले. पलीकडच्यांनी मात्र स्वच्छ सांगितलं होतं, "आमच्याकडं स्पर्धा झाली तर पोरींबिरींचं काय नाय." तेव्हा उजू हरली की मॅच बुडाली, इतकं सरळ होतं.

श्रावणातला रविवार, समाजमंदिराचा हॉल. लग्नं बंद, म्हणून मांडववाल्याची एलईडीची भिंत रिकामी पडलेली, ती आणून उभी केली. घराच्या दर्शनी भिंतीएवढी! डबा माझ्या दुकानातला. मी सेटिंग करायला बसले तर हरिभाऊ मागे उभे.

"आजी, नंबर सगळ्यात मोठा टाका. एवढी मोठी भिंत हाय."

"हरिभाऊ, गेम अडकेल."

"अडकू दे. इज्जतीचा प्रश्न हाय. घरीपण मी सगळ्यात मोठाच ठेवलाय. अख्खा पडदा घ्यायचा नि अर्धाच वापरायचा, असं कसं?"

दोन्ही गावं म्हणाली, मोठाच टाका. टाकला.

रुपेश पहिल्यांदा फलंदाजीला. माइकवर बाळा, पंचक्रोशीतला नामांकित समालोचक. त्याची जीभ चेंडूपेक्षा पुढे पळते. उजूने चेंडू सोडला, आणि भिंतीवरचं चित्र थबकलं.

"आनि चेंडू निघालाय... चेंडू हवेत हाय... अजून हवेतच हाय... मंडळी, चेंडूनं हवेत जागा घेतलेली हाय... प्लॉट पाडला, एनए केला, आता बंगला बांधतोय..."

हॉल हसून लोळला. चित्र सुटलं तेव्हा रुपेशच्या दांड्या उडालेल्या. पुढच्या चेंडूला तेच. रुपेश उठला. "मशीन फिक्स हाय! कर्जतचं मशीन हाय हे!" पलीकडच्या गावाने खुर्च्या सरकवल्या. अलीकडच्या गावाने उचलल्या.

मी शिट्टी वाजवली आणि रुपेशचा दंड धरून त्याला भिंतीपाशी नेलं. "जवळून बघ. काय दिसतं?"

"लाइटी. बारीक बारीक लाइटी."

"एकेक लाइट म्हणजे एकेक ठिपका. आता खिशातला मोबाइल काढ. त्यात ठिपके दिसतात?"

"नाय दिसत. लय बारीक."

"या एवढ्या भिंतीत जेवढे ठिपके आहेत, त्याच्या कितीतरी पट तुझ्या मोबाइलमध्ये आहेत. भिंत लांबून बघायची, म्हणून तिची रोपं विरळ. डबा बिचारा ऐंशी लाखांवर रोपं लावतोय, आणि भिंतीला दाखवता येतात पाच-सहा लाख. बाकी सगळी लावणी गटारात."

हे हॉलमधल्या बायकांना पटकन कळलं. एक म्हातारी म्हणाली, "मंग मेल्यानू, त्या डब्याला कशाला राबवताय?" मी आकडा खाली आणला. भिंतीवर काडीचा फरक दिसेना, आणि गेम पाण्यासारखा वाहू लागला. डाव पहिल्यापासून सुरू केला. मी अशी काही ऐटीत खुर्चीत बसले, की ती साखळीच्या चष्म्याची बाई पुन्हा अंगात आली असावी.

रुपेशने पाच षटकांत छपन्न धावा चोपल्या. बाळाला श्वास घ्यायला मिळेना.

मग उजू आली. पहिला चेंडू, तिने बॅट फिरवली, चेंडू मागून आला आणि दांडी घेऊन गेला. दुसऱ्याला पुन्हा तेच. बॅट आधी, चेंडू नंतर. दोन चेंडूंत दोन गडी. उजू माझ्याकडे वळली, डोळ्यांत पाणी.

"आजी, काय केलंत हो हे? बॉल लवकर येतोय."

"लवकर नाही गं, वेळेवर येतोय."

आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरीने आयुष्यात वेळेवर आलेला चेंडू पाहिलाच नव्हता! बापाने घरच्या म्हाताऱ्या डब्यावर सगळ्यात मोठा आकडा लावून ठेवलेला. चित्र उशिरा येतं म्हणजे बटण दाबल्याचा परिणामही उशिरा दिसतो. म्हणून ही पोर चेंडू दिसायच्या आधीच अंदाजाने बटण दाबायला शिकली होती. नवी सून जशी सासूच्या हाकेआधीच उठते, तसं. तो अडखळा तिच्या बोटांत मुरला होता, आणि मी तोच काढून टाकला.

"मला आधीसारखं अडकवून द्या," उजू म्हणाली.

हरिभाऊ ओरडले, "येडी का खुळी गं तू? एवढं झ्याक चाललंय!"

"बाबा, आपल्या घरी कवा झ्याक चाललंय?"

आता पंच म्हणून माझी पंचाईत. सामना चालू असताना आकडा बदलायचा? मी रुपेशला विचारलं, "तुझ्या तक्रारीवर मी आकडा बदलला. आता ती मागतेय. फलंदाजाने बॅट आपल्या पसंतीची घ्यावी, असं मला वाटतं. तुझं काय म्हणणं?"

रुपेश मिशीत हसला. "द्या की अडकवून! दोन गडी गेले, आता रडायला मशीन तरी पायजे ना तिला. पायजे तर डबल अडकवा." त्याचं गाव हसलं, टाळ्या पिटल्या. असा उदार माणूस मी पाहिला नाही. तासाभरात त्याला त्याचा पश्चात्ताप झाला ती गोष्ट वेगळी.

मी आकडा वर नेला. हयात गेली माझी लोकांचे अडकलेले डबे सुरळीत करण्यात. सुरळीत चाललेला डबा हाताने अडकवताना माझी बोटं अडखळली. चांगल्या इडल्या मुद्दाम बिघडवायला सांगितल्यासारखं वाटलं.

चेंडू निघाला. थबकला. उजूने डोळे किलकिले केले, बटण दाबलं. हॉलला वाटलं, हिने हवेतच मारलं. मग चित्र सुटलं, आणि चेंडू प्रेक्षकांत!

"षटकार! मंडळी, कधी मारला मला विचारू नका! बंगल्याच्या गच्चीवरून गेला!"

रुपेशला आता चेंडू टाकताच येईना. तो बटण दाबायचा आणि वाट बघायचा, वैतागून परत दाबायचा. चेंडू यष्टीऐवजी भलतीकडे. "आजी, मला बॉल सोडताच येत नाय!" "डबल अडकवा म्हणालास ना रं?" मागच्या बाकावरून ती म्हातारी म्हणाली. पंचाने बोलायचं नसतं, म्हणून मी नुसती मान हलवली, तिच्या बाजूने.

धावा चढत गेल्या. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. रुपेशने चेंडू टाकला, उजूने बटण दाबलं, आणि चित्र थांबलं ते थांबलंच. बॅट हवेत, चेंडू हवेत, यष्टिरक्षकाचा आ वासलेला. बाळा जन्मात पहिल्यांदा गप्प झाला. हरिभाऊंनी भिंतीकडे पाठ करून हात जोडले. मी डब्यातल्या समस्त बायकांना मनातल्या मनात म्हटलं, बायांनो, एवढं एक शेत लावा, मग घरी जा.

चित्र हललं. चेंडू सीमेच्या दोरीपलीकडे.

तो कुठून गेला हे कुणीच पाहिलं नाही. बाळा मात्र अजून रंगवून सांगतो, दर वेळी वेगळ्या दिशेने. हरिभाऊ वळून बघतात तोवर पोरगी धावत येऊन त्यांच्याच खांद्यावर चढलेली होती. माझ्या कामाला इतक्या टाळ्या त्याआधी कधी पडल्या नव्हत्या, आणि पडल्या त्या मशीन बिघडवल्याबद्दल.

भात कापून झालं. स्पर्धा अलीकडच्या गावात भरली, पहिल्या दिवशी सकाळी पोरींचा सामना. गंमत म्हणजे 'पोरींबिरींचं काय नाय' म्हणणाऱ्या पलीकडच्या गावाच्या पोरी सगळ्यात आधी तयार झाल्या. त्यांची वेगवान गोलंदाज रुपेशचीच धाकटी बहीण. पण अलीकडच्या संघातल्या एका पोरीला ऐन त्याच सकाळी बघायला पाहुणे आले, आणि उरल्या दहा.

रुपेश म्हणाला, "अकरा नाय तर मॅच नाय. नियम म्हंजे नियम." चेहऱ्यावर छपन्न धावांचं दुःख अजून ताजं.

उजूने मैदानभर नजर फिरवली. मी मांडवात धावफलकाचा कॉम्प्युटर सांभाळत बसले होते. तिची नजर माझ्यावर थांबली.

"छे गं," मी म्हटलं, "गुडघे बघ माझे."

"आजी, शेवटच्या नंबरला ठेवते. तुमच्यावर पाळीच यायची नाय."

शाळेत खेळाच्या तासाला नेमकं पोट दुखायचं अशी मुलगी होते मी. लग्नानंतर अंगणात मुलांचा चेंडू पायाशी आला तर तोही उचलून न देता हाक मारून न्यायला सांगणारी. त्या बाईला कुणी हे विचारलं असतं, तर "काहीतरीच काय!" म्हणून तिने पदर सावरला असता. मीही सावरला, पण खोचायला.

पाळी आली. यायचीच होती, पोरींच्या दांड्या भराभर पडल्या. समोर रुपेशची बहीण, मागे अख्खी दोन गावं. माइकवर बाळा सुटलेला, "मैदानात येतायत आपल्या कॉम्प्युटरवाल्या आजी! मंडळी, बूट सुनेचे हायत, जिगर स्वताची हाय!" दुसऱ्या टोकाला उजू टिकून होती. तिने पुढे येऊन कानात सांगितलं, "आजी, बॉल दिसला की मारा. वाट नका बघू."

मी बॅट धरली. ती पोर पळत आली, हात फिरला. मी इतकी वर्षं लोकांना चित्र कसं तयार होतं ते समजावत आले. तेव्हा म्हटलं, आता नीट बघूया. आणि बघतच राहिले. मागे दांडी पडल्याचा आवाज आला. सुनेने मांडवातून शिट्टी मारली. शिट्टी येते हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

बाळा माइक घेऊन मैदानात धावला. "आजी, मंडळींना सांगा, काय झालं नक्की?"

"चेंडू आला रं," मी म्हटलं, "आणि मधे कुठं थांबलाच नाही."